29 वर्षांचा भाऊ हरवला तर अलर्ट कोण देणार?

पत्र

नमस्कार. मी भांडुपला राहते. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ 29 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. मोजके शब्द बोलतो, नाव विचारलं तर कधी सांगतो, कधी नुसता हसतो. मुलुंडच्या एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जातो. रात्री फिटची गोळी लागते.

गेल्या महिन्यात संध्याकाळी साडेसहाला तो दूध आणायला खाली उतरला तो परत आलाच नाही. तासभर आम्हीच शोधलं, मग मी पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या साहेबांनी वय विचारलं आणि म्हणाले, "मोठा माणूस आहे, येईल. सकाळपर्यंत वाट बघा." रात्री साडेअकराला नेरळहून फोन आला. भाऊ माथेरानची छोटी गाडी उभी असते तिथे बसला होता. एका चहावाल्याने रेल्वे पोलिसांना सांगितलं. खिशात कार्यशाळेचं ओळखपत्र होतं म्हणून फोन तरी लागला. लहानपणी आम्ही नेरळला मामाकडे जायचो, ते घर विकून बरीच वर्षं झाली.

तेव्हापासून आईला झोप नाही. काका म्हणतात, दाराला बाहेरून कुलूप घाला. मी वाचलंय की परदेशात असा माणूस हरवला की लोकांच्या फोनवर संदेश जातो. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर आम्ही काय करायचं? त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला आईचा विरोध आहे. ती म्हणते, "जगाला कशाला दाखवायचं?" मला ते पटत नाही.

– भांडुपची एक बहीण

उत्तर

ताई, सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते: नाही. प्रौढ अपंग माणूस हरवला म्हणून आसपासच्या लोकांचे फोन वाजतील, अशी यंत्रणा आपल्याकडे नाही.

चीड याची येते की फोन वाजवायचं तंत्र मात्र आहे. 2023 मध्ये अनेकांचे फोन एकदम कर्कश किंचाळले होते, आठवतंय? लोकांना वाटलं फोन हॅक झाला. ती दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची चाचणी होती. या पद्धतीत कुणाच्या नंबरांची यादी लागत नाही. टापू ठरवायचा, त्या टापूतल्या टॉवरांवरून संदेश सोडायचा, तिथे जो फोन चालू असेल तो वाजतो. पूर, वादळ, वीज यांच्यासाठी ही सोय केली आहे. भांडुप ते कर्जत एवढ्या पट्ट्यात "निळा टी-शर्ट, 29 वर्षांचा तरुण" असा संदेश सोडायला तांत्रिक अडचण फारशी नाही. तसं करायचं कुणी ठरवलेलं नाही, एवढंच.

परदेशाबद्दल तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण त्यात एक खोच आहे. अमेरिकेत 1996 मध्ये टेक्सासात एका लहान मुलीच्या अपहरणानंतर 'ॲम्बर अलर्ट' सुरू झाला. तो फक्त अल्पवयीन मुलांसाठी. पुढे विसराळूपणाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी 'सिल्व्हर अलर्ट' आला. मधले सगळे तसेच राहिले. 2017 मध्ये व्हर्जिनियात अशांती बिली या 19 वर्षांच्या मुलीचं अपहरण झालं, तेव्हा ती ॲम्बरसाठी मोठी आणि सिल्व्हरसाठी लहान ठरली. तिचा खून झाला. 2018 च्या शेवटच्या दिवशी तिच्या नावाच्या कायद्यावर सही झाली, त्यात अपंगत्व असलेल्या बेपत्ता प्रौढांचाही विचार आहे. फ्लोरिडा राज्याने खास तुमच्या भावासारख्यांसाठी 'पर्पल अलर्ट' सुरू केला तो थेट 1 जुलै 2022 ला. ॲम्बरनंतर तब्बल 26 वर्षांनी. म्हणजे 'मोठा माणूस आहे, येईल' हे वाक्य इंग्रजीतही बरीच वर्षं म्हटलं गेलं.

दक्षिण कोरियाने मला जास्त पटणारी गोष्ट केली. तिथल्या हरवलेल्यांच्या कायद्यात 18 च्या आतली मुलं, बौद्धिक वा मानसिक अपंगत्व असलेली कुठल्याही वयाची माणसं आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण एकाच रांगेत बसवले आहेत. जून 2021 पासून अशा माणसाचं वय, उंची, कपडे हे सगळं त्या भागातल्या लोकांच्या फोनवर मेसेजने जातं. हाताचे ठसे आणि फोटो आधीच पोलिसांकडे नोंदवून ठेवायची सोय तर त्याहून जुनी आहे.

पण कुठल्याही देशात फोन वाजतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी एका टेबलामागच्या माणसाने मान्य करावं लागतं की हा माणूस धोक्यात आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या भावाचं घोडं त्या टेबलापाशीच अडलं. उद्या मुंबईत अलर्टची यंत्रणा आली आणि टेबलामागचे साहेब तेच राहिले, तर फोन मुकाच राहणार. म्हणून आधी टेबलाचं बोलू.

भाऊ 18 च्या आत असता तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे पोलिसांना अपहरण गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा लागला असता. 18 पूर्ण झाली की फक्त मिसिंगची नोंद होते. मन पाच वर्षांचं असलं तरी कायदा जन्मतारीखच बघतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचं मानसिक वय धरता येईल का असा. न्यायालयाने सांगितलं, वय म्हणजे शरीराचं वय. तो कायदा वेगळा, विषय वेगळा, पण हवा कुठल्या दिशेची आहे ते कळतं.

तरीही तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, 24 तास थांबा असा कुठलाही नियम नाही, कधीच नव्हता. दोन, भारतीय न्याय संहितेच्या 137 व्या कलमात, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून संमतीशिवाय नेलेल्या मुलाबरोबरच "विकल मनाच्या" व्यक्तीलाही धरलेलं आहे आणि तिथे वयाची अट नाही. कुणी फूस लावून नेल्याचा संशय असेल तर हे कलम बोलून दाखवा. (तुमचा भाऊ आपणहून गेला होता, तेव्हा ते लागलं नसतं. लागत नसताना ओढूनताणून लावू नका, पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही.) तीन, टेबलापुढे रडून नाही, तर मोजकं बोलून काम होतं. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड पुढे ठेवायचं आणि म्हणायचं: "हा स्वतःचं नाव-पत्ता सांगू शकत नाही. रात्रीची फिटची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. मिसिंगची नोंद करा, वायरलेसला द्या आणि मला नोंदीचा नंबर द्या." पोलीस वयावर अडतात, पण औषधावर सहसा अडत नाहीत. कारण उद्या काही झालं तर गोळीचा उल्लेख त्यांच्या रजिस्टरात राहतो. डॉक्टरांकडून तशी चार ओळींची चिठ्ठी आजच लिहून घ्या, लेटरहेडवर, तारखेसह. टाळाटाळ झाली तर सिनियर पीआयना भेटायचं. तेही नसतील तर तिथेच उभं राहून 112 लावायचा. त्या कॉलची वेळेसकट नोंद राहते.

दुसरा घोळ हद्दीचा. भांडुप मुंबई पोलिसांकडे. मुलुंड ओलांडलं की ठाणे आयुक्तालय. गाडीत आणि फलाटावर लोहमार्ग पोलीस, त्यांचा कारभार निराळा. रेल्वे सुरक्षा दल आणखी निराळं, ते केंद्राचं. नेरळ रायगड जिल्ह्यात, तिथे जिल्ह्याचे अधीक्षक. तुमचा भाऊ दीडेक तासात एवढ्यांच्या हद्दीतून गेला, तेही बसल्या जागेवरून. मुंबईत माणूस हरवणं म्हणजे बहुतेक वेळा लोकलमध्ये हरवणं, आणि आपण शोधायला लागतो गल्लीत. म्हणून पुढच्या वेळी (येऊ नये, पण आली तर) एक जण गल्लीत, एक जण पोलीस स्टेशनला आणि एक जण थेट भांडुप स्टेशनवर. स्टेशन मास्तरांना सांगून पुढच्या स्टेशनांना कळवायचं, रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत फलाटाचं सीसीटीव्ही बघायला लावायचं, रेल्वेच्या 139 आणि लोहमार्ग पोलिसांच्या 1512 वर फोन करायचा. आईंनी घरीच थांबायचं, फोन मोकळा ठेवून. तो स्वतःच परत आला तर दार उघडायला कुणीतरी हवं.

आता नेरळबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात संपवलीत. कल्याणला गाडीचा रस्ता फुटतो. एक कसाऱ्याला जातो, एक कर्जतला. तुमच्या भावाने भांडुपला कर्जतचीच गाडी धरली किंवा ठाण्या-कल्याणला बदलली. मग नेरळला बरोबर उतरला आणि छोटी गाडी उभी असते तिथे जाऊन बसला. चुकून कुणी असं पोचत नाही. तो भरकटला नव्हता, ठरवून गेला होता. मामाचं घर विकलं हे त्याला कुणी नीट सांगितलं का? शेवटचं तिथे कधी नेलं होतं? अशी माणसं घराबाहेर पडतात त्याला बहुतेक वेळा कारण असतं: आवडती जागा, पाणी, आवाजापासून पळ. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर पाण्याची ओढ आणि त्यातून बुडण्याचा धोका जगभर नोंदलेला आहे. तुमच्या भावाला पाण्याचं वेड नसेल तर फार बरं, पण वहीत लिहून ठेवा: कुठे कुठे जाऊ शकतो. नेरळ, मुलुंडची कार्यशाळा, जुनं घर असेल तर ते, जिथे एकदा आइस्क्रीम खाल्लं होतं ती जागा. पोलिसांना 'शोधा' म्हणण्यापेक्षा 'इथे बघा' म्हणता आलं तर शोध निम्मा होतो.

म्हणूनच कुलपाला माझा साफ विरोध आहे. काकांना सांगा, आत माणसाला फिट आली किंवा गॅस राहिला तर बाहेरचं कुलूप कोण उघडणार? चाळीत काय, टॉवरमध्ये काय, आग लागली की आधी जिना धुराने भरतो. दार उघडलं की वाजणारी घंटी किंवा चुंबकाचा छोटा अलार्म बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आणि त्याला नेरळला घेऊन जा. महिन्यातला एक रविवार ठरवा, कॅलेंडरवर गाडीचं चित्र काढा, त्याच्या हाताने खूण करायला लावा. पावसाळ्यात ती गाडी नेरळहून वर जात नाही, तेव्हा चित्रावर काट मारून आधीच दाखवा, नाहीतर तिथे जाऊन तमाशा होईल. 29 वर्षांच्या माणसाला कुठेतरी जावंसं वाटणं हा आजार नाही. अलर्टच्या वादातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. माणूस प्रौढ आहे, त्याला जायचा हक्क आहे. अपंगत्वाचं नाव घेऊन त्याच्या प्रत्येक फेरीवर भोंगा वाजवायला लागलो तर ती राखण होईल, ती काळजी नव्हे. फ्लोरिडाच्या नियमात म्हणूनच नुसतं अपंगत्व पुरत नाही, जीवाला तातडीचा धोका दिसावा लागतो.

आईंचा मुद्दा तुम्ही उडवून लावलात, मी लावणार नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो परत घेता येत नाही. माणूस रात्री घरी येतो आणि फोटो पुढची चार वर्षं फिरत राहतो. "मतिमंद मुलगा हरवला आहे, कृपया पुढे पाठवा" असा मजकूर, खाली घरचा नंबर. मग सुरू होतात फोन: "तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा." हा धंदाच आहे काहींचा. दुसरी भीती याहून वाईट. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी माथी तापलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. आता विचार करा, अनोळखी गावात एक न बोलणारा तरुण शाळेच्या आसपास रेंगाळतोय, नाव विचारलं तर हसतोय. लोक काय समजतील? चांगला संदेश त्याला शोधतो तसाच त्याला वाचवतोही. वाईट संदेश उलटतो.

तेव्हा फोटो टाकायचा, पण पद्धतीने. दोन मजकूर आजच तयार ठेवा. एक जगासाठी, असा:

"हरवले आहेत. तारीख, संध्याकाळी 6.30, भांडुप पश्चिम. पुरुष, वय 29, उंची 5 फूट 4 इंच, वर्ण सावळा, बांधा मध्यम. अंगात निळा टी-शर्ट, नेसणीस राखाडी ट्रॅकपँट, पायात चप्पल. बोलणं कमी. दिसल्यास ओढू नका, घेरू नका. शेजारी थांबा आणि 112 वर कळवा. मिसिंग नोंद क्रमांक अमुक, पोलीस स्टेशन तमुक."

यात घरचा नंबर नाही, आजाराचं नाव नाही. तारीख मात्र हवीच, आणि ती फोटोवरच टाका, खालच्या मजकुरात नको. मजकूर गळतो, फोटो तेवढा पुढे जातो. सापडल्यावर त्याच फोटोवर 'सापडले' असं आडवं लिहून त्याच सगळ्या ग्रुपांत परत टाकायचं. हे कुणीच करत नाही, तुम्ही करा.

दुसरा मजकूर फक्त पोलिसांसाठी आणि ओळखीच्या माणसांसाठी. त्यात गोळीचं नाव आणि वेळ, तो कशाला घाबरतो (कुत्री? शिट्टी? खाकी कपडे?), हात धरला तर ओरडतो का, आणि कुठला शब्द ऐकला की जवळ येतो ते. समजा "गाडी बघायची?" म्हटलं की तो कुणाबरोबरही चालायला लागतो. हे वाक्य रेल्वे पोलिसाच्या हाती सोन्यासारखं आहे आणि भलत्याच्या हाती फासासारखं. म्हणून ते सगळ्या गावाला सांगायचं नाही.

ओळखीची माणसं म्हणजे कोण, याची यादी नातेवाइकांपासून सुरू करू नका. काका त्यांच्या घरी बसून काय करणार? दूधवाला, खालचा इस्त्रीवाला, रिक्षा स्टँडवरचे दोघे, स्टेशनच्या पुलाखाली बसणारी भाजीवाली, स्टॉलवाला, कार्यशाळेतल्या बाई, आणि गणपती मंडळाची पोरं. मंडळाच्या पोरांना कमी लेखू नका. दहा मिनिटांत वीस जण रस्त्यावर उतरवायची ताकद भांडुपमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि स्पीकरही त्यांच्याकडेच असतो. भावाला घेऊन एकदा या सगळ्यांकडे जा, ओळख करून द्या. एका वेळेला दोन दुकानं पुरे. तुमच्या आईंना जगाला दाखवायचं नाही ना? मग जग सोडा, गल्लीला दाखवा. ज्याने त्याला प्रत्यक्ष पाहिलंय तो, नुसता फोटो बघणाऱ्यापेक्षा, त्याला लवकर ओळखतो.

अंगावरच्या ओळखीचं थोडक्यात सांगते. ओळखपत्र खिशात होतं म्हणून तुमचा फोन वाजला, पण शर्ट बदलला की ओळखपत्र घरी राहतं. शिंप्याकडून प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आतून कापडी पट्टी शिवून घ्या, दोन मोबाइल नंबर आणि फिटच्या गोळीचा उल्लेख, बस. क्यूआर कोडचं लॉकेटही मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये वरळीतला बौद्धिक अपंगत्व असलेला 12 वर्षांचा मुलगा बसने कुलाब्याला पोचला होता, तो पोलिसांनी गळ्यातला कोड स्कॅन केल्यामुळे काही तासांत घरी आला. लॉकेट भावाला टोचत असेल तर तो ते फेकून देईल, मग पट्टीच बरी. जीपीएसचं घड्याळ घेणार असाल तर रोज चार्ज कोण करणार ते आधी ठरवा. आणि त्याला सांगून, दाखवून बांधा. न समजणाऱ्या माणसालाही सांगायचं असतं.

एक कागदपत्र राहिलंय. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली 18 नंतर कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणजे वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय. वरचं 137 वं कलम 'कायदेशीर पालक' म्हणतं, पोलीस 'तुम्ही कोण?' विचारतात, इस्पितळ 'सही कोण करणार?' विचारतं, सगळ्यांना हा एक कागद उत्तर देतो. पालक म्हणून आईंबरोबर तुमचंही नाव घालता येईल का ते तिथे विचारा. आईंचं वय झालं की हा प्रश्न तसाही येणार आहे.

आणि आधार कार्ड. भावाचे ठसे मोठेपणी अद्ययावत केले आहेत का? त्याला जोडलेला मोबाइल चालू आहे का? नागपूरला बौद्धिक अपंगत्व असलेला एक मुलगा लहानपणीच सापडला होता, घर कुठलं ते कुणालाच कळत नव्हतं. 2021 मध्ये त्याचं आधार काढायला गेले तेव्हा ठसे आधीच नोंदलेले निघाले, आणि दहा वर्षांनी त्याचे जबलपूरचे आईवडील सापडले. आपल्याकडे खरी गोची ही आहे ताई. हरवलेल्यांची यादी एका कपाटात, सापडलेल्यांची दुसऱ्या. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना बरं करून देशभरातल्या घरी पोचवलं, 2018 चा मॅगसेसे त्यासाठीच मिळाला. पण हे काम एका डॉक्टरच्या जिवावर चालावं का? मानसिक आरोग्य कायद्यातल्या 100 व्या कलमाने भटकणाऱ्या मनोरुग्णाची मिसिंग नोंद करून घर शोधणं हे ठाणेदाराचं कर्तव्य ठरवलं आहे. तुमच्या भावासारख्यांना मात्र ती मदतही सरळ मिळत नाही, कारण त्या कायद्यातल्या मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अपंगत्व वगळलेलं आहे.

तेव्हा वरचं सगळं करून झालं की एक अर्ज लिहा. राज्यात डिसेंबर 2022 पासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला आहे, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे. दोघांना पाठवा, प्रत मुंबईच्या पोलीस आयुक्तांना. 'अमेरिकेसारखी यंत्रणा आणा' असं लिहू नका, तो कागद फाइलला लागेल आणि तिथेच राहील. मागायचं ते असं: बौद्धिक अपंगत्व असलेला प्रौढ हरवल्यास वय न बघता तात्काळ नोंद आणि त्याच तासात लोहमार्ग पोलीस, शेजारची आयुक्तालयं यांना कळवण्याचं लेखी परिपत्रक. पालकांना फोटो, ठसे आणि सवयी पोलीस स्टेशनला आधीच देऊन ठेवायची सोय, त्यांच्या संमतीने. जीवाला धोका असेल तेव्हाच, ठराविक टापूत, फोनवर संदेश, आणि सापडल्यावर तो फोटो उतरवायची जबाबदारी कुणाची हे त्यातच लिहिलेलं. तुमच्या त्या संध्याकाळच्या वेळा जशाच्या तशा जोडा: साडेसहाला उतरला, अमुक वाजता पोलीस स्टेशनला गेलो, साडेअकराला फोन आला. साहेबांचं नाव नको, वेळा पुरेत. कार्यशाळेतल्या बाकीच्या पालकांच्या सह्या घ्या. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती त्या वहीतच चिकटवा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा.